सात सूर्य आणि केतुमती : हवामानाचे भय, आशेचे साहित्य आणि बौद्ध दृष्टी

दुःखाच्या वेळी माणसाला दिलासा हवा असतो आणि तो देण्याचे काम धर्माने व साहित्याने पूर्वापार केले आहे. परंतु रोग्याला औषधानेही बरे वाटते आणि अफूनेही बरे वाटते. म्हणून दिलासा मिळाला एवढ्यावरून तो कोणत्या जातीचा आहे हे ठरत नाही. बदलत्या हवामानाच्या भयावर उतारा म्हणून आज जगभर एक विशिष्ट साहित्यप्रकार आवडीने वाचला जात आहे. भविष्यकाळातील सुखी, हिरव्या, समंजस समाजाचे चित्र रंगविणाऱ्या या कथा-कादंबऱ्यांना आपण 'आशेचे साहित्य' म्हणू. हे साहित्य वाचकाला औषध देते की अफू, याची परीक्षा पालि वाङ्मयातील कसोट्यांवर करून पाहावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विचार आम्ही करमाळा तालुक्यात राहून करीत आहोत, ही गोष्ट गौण नाही. तालुक्याच्या पश्चिमेस उजनी धरणाचे फुगवट्याचे पाणी आहे. त्या पाण्याखाली याच तालुक्यातील गावे गेली आणि त्याच पाण्यावर आज कंदरसारख्या गावांची केळी परदेशी जातात. पूर्वेकडील कोरडवाहू पट्ट्यात ज्वारी आणि आभाळ यांचा जुना करार चालू असतो. 2023 च्या ऑक्टोबर महिन्यात शासनाने राज्यातील ज्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत करमाळा होता. पुढे दोन वर्षांच्या आत, सप्टेंबर 2025 मध्ये, सीना नदीच्या महापुराने याच तालुक्यातील काठची शेते खरवडून नेली. पाण्याची वाट पाहणे आणि पाण्यापासून पळणे, या दोन्ही गोष्टी एकाच पिढीने, किंबहुना एकाच इयत्तेतील मुलांनी पाहिल्या.

भय कोणाचे?

2021 साली दहा देशांतील, त्यांत भारतही आला, 16 ते 25 वर्षे वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी 59 टक्के तरुणांनी आपण हवामानबदलामुळे फार किंवा अतिशय चिंतित असल्याचे सांगितले. 45 टक्क्यांहून अधिक तरुणांच्या दैनंदिन जीवनावर या चिंतेचा परिणाम होत होता. 2024 हे वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले पंचांगवर्ष ठरले. तेव्हा हे भय निराधार आहे असे कोणी म्हणू नये.

ही चिंता सुखवस्तूंची आहे, गरिबाला तिच्यासाठी वेळ नाही, असा एक आक्षेप आपल्यातील काही कार्यकर्ते घेतात. त्यात तथ्यांश आहे, पण तो उलट्या बाजूने. भूमिहीन मजुराला ऊन वाढले की चिंता नंतर वाटते, आधी हजेरी बुडते. त्याचे भय पुस्तकातून आलेले नसते, म्हणून त्याला कोणी नाव देत नाही. नाव नसलेले भय हे भय नव्हे, असे मानणे ही मात्र मोठी चूक होईल.

अनागतभय : तथागतांची शिकवण

भविष्यातील भयाचे काय करावे, या प्रश्नाचा विचार पालि वाङ्मयात स्पष्टपणे झालेला आहे. अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातात 'अनागतभय' या नावाची सुत्ते आहेत. त्यांपैकी एकात पाच भावी भये सांगितली आहेत : जरा, व्याधी, दुर्भिक्ष, राज्यातील प्रक्षोभ आणि संघभेद. दुष्काळाचे वर्णन तेथे मोठे वास्तव आहे. दुर्भिक्ष पडले की माणसे जेथे सुबत्ता असेल तिकडे जातात, तेथे गर्दी होते आणि गर्दीत चित्ताची साधना अवघड होते, असे तेथे म्हटले आहे. ऊसतोडीच्या हंगामात किंवा दुष्काळात ज्यांनी आपल्या वस्त्या रिकाम्या होताना पाहिल्या आहेत, त्यांना या ओळखीच्या गोष्टीवर भाष्याची गरज पडणार नाही.

या सुत्ताचा रोख मात्र ध्यानात घेतला पाहिजे. भिक्षूने हा विचार दुष्काळ आल्यावर करावयाचा नाही. आज अन्न मिळते आहे, आज शरीर धड आहे, तोवरच उद्याचे भय डोळ्यांसमोर आणून जे साधावयाचे ते साधून घ्यावयाचे आहे. म्हणजे भय हे येथे वीर्याचे, उद्योगाचे निमित्त आहे. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावे म्हणून जे सात धम्मपर्याय निवडले, त्यांत 'अनागतभयानि' आहे. ज्या राजाने रस्त्यांच्या कडेने वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदविल्या, त्यानेच हे भय ऐकण्याची शिफारस करावी, हा योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही.

दुसरी गोष्ट. हे सारे पूर्वकर्माचे फळ आहे, असे सांगून अनेकांना गप्प बसविले जाते. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात तथागतांनी वेदनांची आठ कारणे सांगितली आहेत. पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतूतील पालट, विषम आचरण, बाहेरचा आघात आणि कर्मविपाक, अशी ही कारणे होत. ऋतूच्या पालटाने होणारे दुःख तेथे स्वतंत्र कारण म्हणून मांडले आहे आणि सर्व काही पूर्वकर्मामुळे घडते असे म्हणणारे खोटे बोलतात, असा निर्वाळा दिला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत का नाकारला, हे ज्यांना समजून घ्यावयाचे आहे त्यांनी हे लहानसे सुत्त अवश्य पाहावे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे अंगुत्तराच्या सत्तकनिपातातील 'सत्तसूरिय' सुत्त. वैशालीच्या आम्रपालीवनात दिलेल्या या उपदेशात तथागत एक भयंकर चित्र उभे करतात. अनेक वर्षे पाऊस पडत नाही आणि झाडे-वेली वाळून जातात. दुसरा सूर्य उगवतो तेव्हा ओढे-नाले आटतात. तिसऱ्याने महानद्या आटतात, चौथ्याने सरोवरे आणि पाचव्याने समुद्र ओसरत जातो. सहाव्या सूर्याने पृथ्वी आणि सिनेरु पर्वत धुमसू लागतात आणि सातव्याने ती जळून जातात. हे वाचून आजचा वाचक चपापतो आणि आजच्या तापमानवाढीचे भाकीत येथे सापडले असे म्हणण्याचा मोह त्याला होतो. तो मोह आवरला पाहिजे. हे सुत्त संस्कारांची अनित्यता शिकविते. त्यातील सूर्य कोणाच्या कारखान्यातून निघालेले नाहीत. आजची उष्णता माणसाने कोळसा व तेल जाळून निर्माण केली आहे. जे हेतूंनी उत्पन्न झाले ते हेतू थांबविल्याने थांबते, हा पटिच्चसमुप्पादाचा नियम येथे लागू पडतो. 'सगळेच अनित्य, मग पृथ्वी तरी कशाला वाचवा' असा अर्थ या सुत्तातून काढणे म्हणजे औषधाच्या बाटलीतून विष पिणे होय.

कसोटी : अस्साद, आदीनव, निस्सरण

आता साहित्याकडे वळू. कोणत्याही विषयाचे यथार्थ ज्ञान व्हावयाचे तर त्याचा अस्साद, आदीनव आणि निस्सरण ही तिन्ही जाणली पाहिजेत, असे निकायांत पुनःपुन्हा येते. अस्साद म्हणजे त्यातील गोडी, आदीनव म्हणजे त्यातील दोष व संकट, निस्सरण म्हणजे त्यातून बाहेर पडण्याची वाट. पालिभाषेत 'अस्साद' या शब्दाशेजारी 'अस्सास' असा दुसरा शब्द आहे. अस्सास म्हणजे श्वास, आणि त्याचाच दुसरा अर्थ आश्वासन, धीर. कालाम सुत्ताच्या शेवटी ज्याचे चित्त निर्वैर झाले आहे त्याला लाभणारे चार अस्सास सांगितले आहेत. परलोक असो वा नसो, ते टिकतात. एका अक्षराच्या फरकात आमची सारी समीक्षा सामावली आहे. आशेचे साहित्य आपल्याला अस्साद देते की अस्सास? चघळण्यासाठी गोडी देते की पुढच्या कष्टासाठी श्वास देते?

अमेरिकन लेखिका बेकी चेंबर्स यांची 'अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट' ही 2021 सालची छोटी कादंबरी या प्रकारात विशेष लोकप्रिय आहे. तिचा नायक एक भ्रमंती करणारा चहा-भिक्षू आहे. तो गावोगाव जातो, थकलेल्या माणसांना चहा पाजतो, त्यांचे ऐकून घेतो. त्या जगाने आपल्या भूमीचा मोठा भाग अरण्यासाठी सोडून दिला आहे. कारखान्यांचे युग इतिहासजमा झाले आहे आणि सर्वांना पोटापुरते आहे. तरीही भिक्षूच्या मनाला समाधान नाही. ऐकून घेणे हेही दान आहे, ही या पुस्तकातील जाणीव आपल्याला जवळची वाटावी. तथापि त्या समाजात अवघड ते सर्व कथा सुरू होण्यापूर्वीच पार पडले आहे. जमीन कोणी सोडली, कोणाकडून सोडवून घेतली, त्या वेळी कोण रडले, हे सांगितले जात नाही. निस्सरण पडद्यामागे घडते आणि वाचकाच्या वाट्याला तयार चहाचा पेला येतो. थकलेल्या माणसाने तो जरूर घ्यावा. पण त्याने तहान भागली असे समजू नये.

किम स्टॅनले रॉबिन्सन यांची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर' ही 2020 सालची कादंबरी याच्या अगदी उलट आहे. तिचा प्रारंभच उत्तर प्रदेशातील एका गावात होतो. हवेतील उष्णता आणि दमटपणा इतका वाढतो की घाम वाळत नाही आणि शरीराला स्वतःला थंड ठेवण्याचा मार्गच उरत नाही. वीज जाते, माणसे तळ्यात उतरतात, तळ्याचे पाणीही तापलेले असते. त्या लाटेत भारतात सुमारे दोन कोटी माणसे मरतात. एवढा आदीनव पहिल्या प्रकरणात दाखविल्यानंतर लेखक पुढील काही दशकांची वाट तपशिलाने आखतो. मध्यवर्ती बँकांचे नवे चलन, हिमनद्यांखालचे पाणी उपसून त्यांचा वेग कमी करणे, वन्य जीवांसाठी मोकळे पट्टे, शेतीतील सुधारणा, यांची त्यात रेलचेल आहे. अखेरीस हवेतील कर्बवायूचे प्रमाण उतरू लागते. कादंबरी म्हणून ती अनेक ठिकाणी अहवालासारखी वाचते, पण वाट दाखविण्याची जबाबदारी तिने टाळलेली नाही. हा तिचा मोठा गुण होय.

आमचे आक्षेप दोन आहेत. दोन कोटी भारतीयांच्या मृत्यूतून कादंबरीने ज्याचे मन आपल्यासाठी वाचविले तो एक अमेरिकन मदतकर्मी आहे. तळ्यात मेलेल्या माणसांपैकी कोणाच्या मनात आपल्याला दीर्घकाळ राहू दिले जात नाही. आपले मरण दुसऱ्याच्या जागृतीचे निमित्त ठरते, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या कादंबरीत बदल घडविणाऱ्या शक्तींमध्ये गुप्त हत्या आणि विमाने पाडणारा घातपातही आहे, आणि लेखक त्याचा निवाडा करीत नाही. हिंसेविना हे साधले असते काय, हा प्रश्न तो अंधुक प्रकाशात ठेवून देतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात साध्याइतकाच साधनांचा विचार केला, आणि हिंसेने उभारलेली व्यवस्था बळ काढून घेताच टिकेल काय असे विचारले. तो प्रश्न या कादंबरीलाही विचारला पाहिजे.

आपल्या उपखंडात या प्रकारचे एक अपूर्व लेखन फार पूर्वी झाले आहे, याचा मात्र आपल्याला विसर पडला आहे. बंगालमधील रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा 1905 साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात प्रसिद्ध झाली. तिच्यातील स्त्रियांच्या राज्यात विदुषींनी आकाशातून हवे तेवढे पाणी काढून घेण्याची युक्ती शोधली आहे. त्यामुळे तेथे अवर्षणही नाही आणि पूरही नाही. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, धूर नाही. पुरुष घरात कोंडलेले आहेत. पडदापद्धतीचे हे उलटे चित्र अर्थात उपहासासाठी आहे. जिला घराबाहेर पडण्याची चोरी होती तिने ढगांचे पाणी मोजले, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही तांत्रिक कल्पनेपेक्षा मोठी वाटते. स्वप्न पाहणारी व्यक्ती बदलली की स्वप्नातले पाणीही वेगळ्या घरी पोहोचते.

केतुमतीची वाट

पालि वाङ्मयातील सर्वांत मोठे भविष्यचित्र दीघनिकायाच्या चक्कवत्तिसीहनाद सुत्तात आहे. पुढील काळी वाराणसीच्या जागी केतुमती नावाची समृद्ध राजधानी असेल, शंख नावाचा राजा असेल आणि मेत्तेय बुद्ध उत्पन्न होतील, हा भाग सर्वांना ठाऊक असतो. तेवढाच ठाऊक असणे हेच अनर्थाचे मूळ आहे. केतुमतीकडे पाहत स्वस्थ बसणे हा अस्साद झाला.

संपूर्ण सुत्त वाचणाऱ्याला निराळेच दिसते. ऱ्हासाचे कारण तेथे नेमके सांगितले आहे. राजाने रक्षणाची व्यवस्था केली, पण निर्धनांना धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, हत्येतून असत्य, अशी साखळी तयार झाली आणि माणसाचे आयुष्य ऐंशी हजार वर्षांवरून दहा वर्षांवर आले. बाबासाहेबांनी याच सुत्ताचा आधार वरील निबंधात घेतला आहे. शेवटी सात दिवसांचा शस्त्रकाळ येतो. माणूस माणसाला पशू समजून मारू लागतो. त्या वेळी काहीजण मारायचे नाही आणि मरायचे नाही असे ठरवून गवताच्या दाट रानात, झाडांच्या ढोलीत, डोंगराच्या कपारीत लपून राहतात. सात दिवसांनी बाहेर येऊन ते एकमेकांना मिठी मारतात. तू जिवंत आहेस, याचाच त्यांना आनंद होतो.

पुनर्निर्माण येथून सुरू होते आणि ते एका उडीत होत नाही. प्रथम ते प्राणिहत्या सोडतात. त्यांच्या मुलांचे आयुष्य वीस वर्षे होते. मग चोरी सोडतात, मग असत्य सोडतात. एकेक पिढी एकेक पायरी चढते. मेत्तेय येतात ते पायऱ्या चढून झाल्यावर. पायऱ्या बांधून देण्यासाठी नव्हे. आदीनव, हेतू आणि निस्सरण ही तिन्ही ज्यात आहेत असे हे भविष्यचित्र आहे, आणि म्हणून ते अस्सास देते. आशेच्या साहित्याला आम्ही हाच नमुना सुचवू.

विहिरीवर कोण?

या कसोटीला आपल्या इतिहासाने आणखी एक प्रश्न जोडला आहे : त्या स्वप्ननगरीतील विहिरीवर पाणी कोण भरतो? 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, त्यानंतर आपल्याला हा प्रश्न टाळून कोणतेही सुंदर शहर पाहता येत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे निमित्त म्हणून बाबासाहेबांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा मांडला. धम्माच्या आरंभीच पाण्याच्या वाटपाचा प्रश्न उभा आहे, एवढे तरी त्यावरून ओळखावे.

संत रविदासांनी दुःखविरहित बेगमपुऱ्याची कल्पना केली, तेव्हा तेथे कर नव्हता, उच्चनीच नव्हते आणि कोणालाही कोठेही हिंडण्याची मुभा होती. गेल ऑम्वेट यांनी 2008 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाला या नगरीचे नाव दिले आणि जातिविरोधी विचारवंतांच्या आदर्श समाजाच्या कल्पनांची परंपरा मांडली. आशेचे साहित्य आपल्याला परके नाही, हे त्यातून सिद्ध होते.

शिवाय आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत या कल्पना जमिनीवरही उतरल्या आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाण्याचा हक्क जमिनीच्या आकारावर न ठरता घरातील माणसांच्या संख्येवर ठरला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला मनाई होती. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधले, तेव्हाही समन्यायी वाटप हेच सूत्र होते. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये 1883 साली ताली व बंधारे घालून माती-पाणी अडविण्याची सूचना केली होती, आणि धरणाला नाव मिळाले ते त्यांच्याच बळीराजाचे. ही उदाहरणे लहान आहेत व त्यांना मर्यादाही पडल्या. पण कोणत्याही कादंबरीने दाखविली नसती एवढी स्पष्ट निस्सरणाची पायरी त्यांत दिसते : उसाला नाही म्हणण्याची आणि भूमिहीनाला होय म्हणण्याची. उजनीच्या काठी राहणाऱ्या वाचकाला या दोन शब्दांची किंमत सांगावी लागणार नाही.

उपसंहार

मराठी दलित साहित्याने दुःखाची साक्ष फार मोठ्या सामर्थ्याने नोंदविली. हे साहित्य आदीनवाचे साहित्य आहे, आणि ते तसे होणे अपरिहार्य होते. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी आपल्या कवितासंग्रहाला 'उन्हाच्या कटाविरुद्ध' असे नाव दिले. उन्हातही कट असतो, हे येथल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. परंतु कटाचे स्वरूप कळल्यानंतर निस्सरणाचे लेखनही कोणीतरी केले पाहिजे. समन्यायी पाण्याचा तालुका कसा दिसेल, तेथील टँकर कोणत्या वर्षी बंद झाला, त्यासाठी कोणी काय सोडले, पहिल्या वर्षी कोण रुसले, हे सांगणारी कादंबरी मराठीत हवी आहे. ती आपल्यातील तरुण-तरुणींनी लिहावी, असे आम्हांस मनापासून वाटते.

आणि जे वाचक आहेत त्यांनी आशेचे साहित्य भयाला घाबरून नाकारू नये व भयातून सुटका म्हणून कवटाळूही नये. पुस्तक मिटल्यावर हात कशाकडे वळतात हे पाहावे. चक्कवत्तिसीहनाद सुत्ताच्या आरंभी आणि शेवटी तथागतांनी भिक्षूंना 'अत्तदीप' होऊन राहण्यास सांगितले आहे. पालीतील 'दीप' या शब्दाचा एक अर्थ दिवा आणि दुसरा अर्थ बेट. केतुमतीचे वर्णन या दोन उपदेशांच्या मध्ये येते, ही त्या सुत्ताची रचनाच आपल्याला पुरेसे सांगते. सीनेचा पूर पाहिलेल्यांना दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटेल. पूर आला म्हणजे बेट उपयोगी पडते खरे, पण माती टाकून उंचवटा करावा लागतो तो पूर येण्याआधी.